प्लास्टिकच्या गवताचं पाणी

सकाळी पिंपळगाव रेणुकाईच्या फाट्यावर मी वडापच्या काळी-पिवळी जीपगाडीत बसलो, तेव्हा घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सुनेनं धुतलेलं धोतर लपवलं असतं. नात फोनवर स्पष्ट बोलली होती, "आबा, तुम्ही येऊ नका. जिथं जाता तिथं भांडण करता." हे साफ खोटं आहे. मी भांडण करत नाही. लोक चुकीचं वागतात, मी ते सांगतो.

नात म्हणजे दुर्गा. भारताच्या संघातून हॉकी खेळते, फॉरवर्ड. मी चौथी नापास, तरी सांगतो : सगळ्यांच्या पुढं राहून गोल मारायचा, तिला फॉरवर्ड म्हणतात. हॉलंडला जाऊन आली, जपानला जाऊन आली. पोर चड्डी घालून पळते म्हणून ज्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं, त्यांच्याच दुकानात आता तिचा फोटो आहे. गेल्या साली तिचा उजवा गुडघा आतून फाटला. ऑपरेशन झालं. आठ महिने आमच्या अंगणात पायाला वाळूची पिशवी बांधून ती पाय उचलत होती, आणि मी खाटेवरून मोजत होतो. आता जालन्याला नव्या मैदानावर सामना होता आणि भारताच्या शिबिरासाठी पोरी निवडणारी बाई तो बघायला येणार होती. त्या पायावर पूर्ण सामना निभावला तर बोलावणं. नाही तर घर.

भोकरदनहून एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, वय किती?"

म्हटलं, "तिकीट लागत न्हाई इतकं."

"कार्ड दाखवा."

"तोंडाकडं बघ ना."

त्यानं बघितलं आणि पुढं गेला. राजूरपर्यंत दोन्ही अंगाला कपाशी आणि सोयाबीन, आमच्यापेक्षा बरी होती, म्हणून मी फार बघितलं नाही. राजूरला भजी खाल्ली. ती कालची होती. जालन्यात उतरून मोसंबीचा रस प्यालो, तेव्हा पोट ठिकाणावर आलं. मग रिक्षा करून एमआयडीसीकडं. पुढं सळयांनी लादलेला ट्रक, मागं धूर, मध्ये आमची रिक्षा.

मैदानाच्या फाटकावर पोरी उभ्या होत्या. पांढरं धोतर, फेटा, काठी बघून एकीनं काही न विचारता माझ्या छातीवर सोनेरी फीत टाचली. आमच्या जिल्ह्यात असा माणूस अध्यक्षच असतो. मी फीत नीट केली. मिळालेला मान परत करायची आमच्या घरात रीत नाही.

आत बघतो तर डोकंच फिरलं. सगळं मैदान हिरवंगार प्लास्टिकचं, आणि टँकर लावून एक जण त्याच्यावर पाइपानं पाणी मारून राह्यला! रस्त्याच्या पल्याड कामगारांच्या खोल्या, तिथं बाया रिकामे हंडे मांडून बसलेल्या.

"ए! पाणी कशाला नासून राह्यला रे?"

"चाचा, ऑर्डर हाय. गवत भिजवायचं."

"ह्ये गवत काय उद्या कापणार हायेस? चल, घे टँकर पल्याड. जल्दी."

टँकरवाल्या सलीमनं माझी फीत बघितली आणि बिलकुल उलट न बोलता टँकर वळवला. बायांनी हंडे भरले, एकीनं मला चहा पाजला. मी छाती काढून परत आलो आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसलो.

थोड्या वेळानं मैदानात आरडाओरडा सुरू झाला. दुर्गा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"आबा, टँकर तुम्ही पाठवला?"

"मंग? प्लास्टिकला कुठं तहान लागती?"

ती ओरडली नाही. हळू बोलली. "ह्ये मैदान ओलं लागतंय, आबा. कोरड्यावर चेंडू पळत न्हाई, बूट अडकतो. बूट अडकून अंग वळलं की गुडघा जातोय. माझा असाच गेल्ता."

मी उठलो. काठी सोफ्यालाच राहिली. रस्ता ओलांडून त्या बायांसमोर गेलो आणि आयुष्यात कधी जोडले नव्हते ते हात जोडले.

"माझं चुकलं. पाणी परत पाहिजे."

चहा पाजणारी म्हणाली, "अहो, दान देऊन माघारी मागता? फेटा तर लई मोठा बांधलाय!"

सगळ्या हसल्या. "नातीचा पाय हाय," मी म्हणालो. तेव्हा हसू थांबलं. "भरलेलं मिळणार न्हाई," ती म्हणाली, "टँकरात उरलंय ते न्या."

सलीमनं विचारलं, "चाचा, तुम्ही कोन अध्यक्ष?"

"कोनीच न्हाई. तिचा आजा."

"या अल्ला," म्हणून त्यानं गाडी काढली.

उरलेलं पाणी अर्ध्याच मैदानाला पुरलं. प्रशिक्षक म्हणत होता, दुर्गाला बाहेर बसवतो. ती म्हणाली, "सर, पहिल्या अर्ध्यात आपण कोरड्या बाजूला गोल मारू. पाय ताजा असतोय तवा. दमल्यावर ओली बाजू."

कोरड्या बाजूला ती तीनदा पडली. तिसऱ्यांदा मांडी सोलून निघाली आणि ती तशीच पडून राहिली. मग ती उठली. बाजू बदलल्यावर चेंडू साबणासारखा सरकू लागला. शेवटी तिनं उलट्या काठीनं असा हाणला की गोल राखणारी पोर उभ्या जागी राहिली. शिटी होईपर्यंत ती पळत होती.

मी त्या निवडणाऱ्या बाईंकडं गेलो. "बाई, पाणी मी घालवलं. पोरीच्या नावावर लिहू नका."

"माहीत आहे. तुमचं भांडण सगळ्या मैदानानं ऐकलं," त्या वही मिटत म्हणाल्या. "पडल्यावर ती कोणत्या पायावर उठते, तेवढं मला बघायचं होतं. तिन्ही वेळा उजव्यावर उठली. सोमवारी शिबिराला पाठवा."

परतीच्या एसटीत दुर्गा माझ्या शेजारी सोललेली मांडी सांभाळत बसली होती. भोकरदनला उतरताना म्हणाली, "आबा, पुढच्या सामन्याला या. पण सोफ्यावरून उठायचं न्हाई."

प्लास्टिकला पाणी घालणं मला अजूनही पटलेलं नाही. पण ज्या वस्तूचं आपल्याला कळत नाही तिच्यापाशी थोडं गप्प उभं राहावं, एवढं पटलं. गावात मी या प्रवासाचं सगळं सांगितलं, कंडक्टर, भजी, उलट्या काठीचा गोल. फक्त बायांपुढं हात जोडले ते सांगितलं नाही. ते इथं लिहिलं. आमच्या गावात वाचतंय कोण?