कनेक्टरवरचं कुंकू

गुजरातेत, भेस्तानच्या एका डाईंग मिलमध्ये मी टेलिफोन ऑपरेटर होते. वडील डिंडोलीच्या घरून लूमवर जायचे, भाऊही लूमवरच. खुर्चीत बसून पगार घेणारी घरात मी पहिलीच, आणि त्याचा मला तोराही होता. मिलचा ईपीएबीएक्स, म्हणजे आतले-बाहेरचे सगळे फोन जोडणारं यंत्र, माझ्याच केबिनमध्ये होता. भिंतीवरच्या डब्यात कनेक्टरच्या पांढऱ्या पट्ट्या, त्यांच्या खाचांत दाबून बसवलेल्या तारांच्या जोड्या. कुठली जोडी बॉयलरची, कुठली शेठच्या केबिनची, हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

दसऱ्याला मिलमध्ये पूजा झाली. बॉयलरला, कापड रंगवायच्या जेट मशीनांना, टेम्पोला, अगदी शेठच्या गाडीलाही कुंकू लागलं, झेंडूचे हार पडले. माझ्या केबिनकडे कुणी वळलंसुद्धा नाही. मला ते लागलं. वडिलांनी सकाळीच बजावलं होतं, “तुना मशीनले बी कुंकू लाव.” मग मीच डबा उघडला आणि प्रत्येक पट्टीला ओल्या कुंकवाचं एकेक बोट लावलं. झाकणावर लावावं, हे सुचलंच नाही. वडील लूमच्या सांगाड्याला लावायचे, झाकणाला नाही.

तिसऱ्या दिवशी बॉयलरला फोन लावला, तर कापडाच्या घड्या घालणाऱ्या फोल्डिंग खात्यातून कुणीतरी बोलायला लागलं. दुपारी शेठचा मुंबईच्या व्यापाऱ्याशी चाललेला फोन मध्येच तुटला. शेठ भडकले. ज्याची चूक निघेल त्याला आजच घरी पाठवतो, असं सगळ्यांदेखत म्हणाले आणि दुरुस्तीवाला येताच स्वतः केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

दुरुस्तीवाला आमच्याच खानदेशचा. त्याने डबा उघडला, ओलं कुंकू उतरून लाल झालेल्या खाचा बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. “शेठ, भेज लागी गयो छे,” तो शांतपणे म्हणाला. ओल धरली, एवढंच.

मी सुटले होते. फक्त गप्प बसायचं होतं. पण त्याने माझ्यासाठी खोटं बोलावं आणि मी मान खाली घालून ऐकावं, हे मला जमेना. राग कायम माझ्या नाकावर. मी गुजरातीत सांगूनच टाकलं, “ओल नाही शेठ, कुंकू आहे. मी लावलं. सगळ्या मशीनांची पूजा झाली, माझंच राहिलं होतं.”

शेठ पोट धरून हसले. “अरे बेन, आ क्यां मशीन छे? आ तो टेलिफोन छे!” हे मशीनच नव्हे म्हणे.

नोकरी वाचली. दुरुस्तीवाल्याने स्पिरिटच्या कापसाने पट्ट्या पुसल्या, एक खराब झालेली बदलली आणि जाताना मला नुसतं “येडी शे तू” म्हणाला. घरी मी यातलं काही बोलले नाही.

पुढे कितीतरी दिवस शेठ हा किस्सा मुंबईच्या, अहमदाबादच्या व्यापाऱ्यांना फोनवर रंगवून सांगत होते. ते सगळे फोन मीच लावून देत होते.