आतोबांचा अस्वलबंदोबस्त

अस्वलापासून जीव कसा वाचवावा, या विषयावर माझ्या आतोबांनी जेवढा विचार केला तेवढा जगात दुसऱ्या कुणी केला नसेल. शिकाऱ्यांनी नाही, जंगलखात्यानं नाही, आणि ज्यांना अस्वलानं खरोखर धरलं त्यांना तर तेवढी सवडच मिळाली नाही. आतोबांना ती मिळाली, कारण ते आणि सर्वांत जवळचं अस्वल यांच्यामध्ये कायम पन्नासेक मैलांचं अंतर होतं. मध्ये कृष्णा होती, कराडचा स्टँड होता आणि नजर पोचणार नाही एवढा ऊस होता. एवढा बंदोबस्त असूनही आतोबांना तो पुरेसा वाटत नसे.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कुंडलजवळच्या एका गावात त्यांची उसाची जमीन होती, विहिरीवर इंजिन होतं आणि दारावर ‘सुभेदार’ अशी पाटी होती. वास्तविक लष्करात ते हवालदार होते आणि तेही गोदामात. वीस वर्षं त्यांनी सरकारी कांबळी मोजली आणि ती एकदाही कमी भरली नाहीत, हे मी त्यांच्याच तोंडून निदान चाळीस वेळा ऐकलं आहे. सुभेदार त्यांना गावानं केलं, आणि ती बढती त्यांनी नाकारली नाही. घरात खुंटीवर एकनळी बंदूक असे. दर रविवारी तिला तेलपाणी होई. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ते तिचा एक बार आकाशात काढत. आकाशाला कधी लागल्याचं दिसलं नाही.

मी तेव्हा पाचगणीच्या मिशनच्या शाळेतून बाहेर पडून साताऱ्याच्या कॉलेजात नुकतीच गेले होते. सुटी लागली की आत्याकडे जायची. मला फारसं बोलता येत नसे. म्हणजे मराठीत येत नसे असं लोक समजत, आणि मी तो समज तसाच राहू देई, कारण त्यामुळे कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे पाहता येई. आतोबांना मात्र माझं इंग्रजी हवं होतं. सांगलीच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी कुणा साहेबाचं शिकारीवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. मी पोचले की हातपाय धुवायच्या आत ते माझ्यासमोर येई. “वाघ सोड,” आतोबा म्हणत, “वाघावर कुणीबी लिवतंय. साहेबानं अस्वलावर काय लिवलंय तेवढंच वाच.”

एकदा मी वाचून सांगितलं, “साहेब म्हणतो, अस्वल अंगावर आलं तर पालथं पडावं आणि मेल्याचं सोंग करावं.”

“आन् अस्वलानं खरंच मारलं तर?”

“ते साहेबानं लिहिलेलं नाही.”

“कुठनं लिवंल? लिवायला ऱ्हायला पायजे न्हवं!” असं म्हणून त्यांनी त्या पानाचा कोपरा दुमडला. त्यांच्या दृष्टीनं साहेब तिथंच बाद झाला.

तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या अकलेवर भर दिला. आधी भाला झाला. अस्वल जवळच येता कामा नये, या तत्त्वावर आष्ट्याच्या लोहाराकडून त्यांनी तो अकरा फूट लांबीचा करवून घेतला. आष्ट्याहून तो आणताना एस.टी.च्या एका खिडकीतून टोक बाहेर आणि दुसऱ्या खिडकीतून बूड बाहेर, अशी वरात निघाली. कंडक्टरनं विचारलं, “आवं सुभेदार, ह्येला हाफ लावू का फुल?” घरी आल्यावर तो भाला सोप्यात उभा राहीना आणि आडवा मावेना. शेवटी आत्यानं त्याच्यावर लुगडी वाळत घातली, आणि घरातल्या सगळ्या शस्त्रांत तेवढं एकच रोज कामाला येऊ लागलं.

मग त्यांना कुणी तरी सांगितलं की अस्वल थेट तोंडावर येतं. झालं. दुसऱ्या वर्षी शिरस्त्राण आलं. तुपाचा मोठा डबा कापून, आत गोणपाटाचं अस्तर लावून आणि डोळ्यांसमोर आत्याची पिठाची चाळण ठोकून ते त्यांनी तयार केलं. ते डोक्यावर घालून पहिल्यांदा अंगणात उतरले, तर त्यांच्याच कुत्र्यानं त्यांना ओळखलं नाही आणि पोटरी धरली. लंगडत आत येऊन आतोबा म्हणाले, “बघितलंस? वरचा बंदोबस्त झाला की खालनं हल्ला हुतोय. ह्येला डावपेच म्हंत्यात.” दुसऱ्याच दिवशी पायांना लष्करी पट्ट्या आल्या. तिसऱ्या वर्षी लोहाराचा भाता आला, त्यात मिरचीपूड भरून अस्वलाच्या तोंडावर मारायची म्हणून. त्याची परीक्षा त्यांनी वारा कुठून आहे हे न पाहता घेतली. समोरच्या शाळेतल्या मास्तरांनी त्या दिवशी डोळे पुसत पुसत शाळा सोडली. पोरं पुढं महिनाभर आतोबांना रस्त्यात गाठून विचारत, “सुभेदार, अस्वल कवा मारायचं?”

हे सगळं मी हसण्यासारखं लिहिते आहे आणि ते हसण्यासारखं होतंही. पण हा बंदोबस्त हवेत चालला नव्हता. त्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस होता आणि त्याला हसू येत नव्हतं. त्याचं नाव बिरू. पाटणच्या पलीकडे डोंगरावरच्या वाडीतला हा धनगर पूर्वी लष्करात आतोबांच्या हाताखाली गोदामात गठ्ठे वाहायला होता. उतारावर त्याची नाचणी होती. नवरात्रात कणसं भरली की रानडुकरं उतरत आणि वर्षाचं खाणं दोन-चार रात्रींत तुडवून टाकत. वाडीत बंदूक नव्हती. म्हणून बिरू दर वर्षी मधाची बाटली घेऊन खाली येई, उंबऱ्याबाहेर बसे आणि म्हणे, “सुभेदार, डुकरं उतरली. या.”

“आलोच की गड्या! पर तुझ्या रानात अस्वल हाय न्हवं?”

“हाय. आमच्या आधीपास्नं हाय.”

“मग आधी त्येचा बंदोबस्त. डुक्कर मारताना मागनं अस्वल आलं, तर मी कुनीकडं तोंड करू?”

बिरू सांगून पाही की अस्वल काही वैरी नाही, माणसाचा आवाज आला की ते आपणहून बाजूला होतं. वाडीतली माणसं खोकत, हाका मारत, बोलत चालतात, तेवढ्यानं भागतं. माणूस मुकाट्यानं जवळ गेला तरच ते दचकतं आणि धरतं. आतोबा हे ऐकून माझ्याकडे बोट करत. “म्हंजे ही पोरगी पयल्याच दिशी जानार!” मग ते मध ठेवून घेत आणि बंदोबस्ताला लागत. बंदोबस्त पुरा होईपर्यंत दिवाळी उलटे आणि वाडीच्या मास्तरांच्या हातचं पोस्टकार्ड येई. एकदा ते मीच वाचून दाखवलं होतं. त्यात दोनच वाक्यं होती. ‘नाचणी गेली. आता येण्याची तसदी घेऊ नये.’ आतोबांनी ते ऐकलं आणि चाळणीचा एक सैल खिळा घट्ट करत बसले. असं तीन वर्षं झालं.

चौथ्या वर्षी बिरू आला तो मधाशिवाय. उंबऱ्याबाहेर बसलासुद्धा नाही. उभ्यानंच म्हणाला, “औंदा बी गेली तर मी मुंबईला चाललो गोदीत. घराला कडी घालून. तेवढं सांगाया आलो.”

आतोबांनी घसा साफ केला. “येतो की रं. भाल्याचा एक इचार...”

तेवढ्यात आत्या चुलीपुढून उठून बाहेर आली. भाल्यापासून भात्यापर्यंत ती एका शब्दानं बोलली नव्हती. चाळण गेली तेव्हाही शेजारणीकडून मागून आणून तिनं पीठ चाळलं होतं. ती बिरूला म्हणाली, “उद्या सकाळच्या गाडीनं येत्यात. मी बी येते, हितं बसून मला झोप न्हाई लागायची.” मग माझ्याकडे वळून, “तू बी चल बाय. त्येंचं पुस्तक वाचाया कुनीतरी पायजे.”

कुठला बंदोबस्त न्यायचा हे आतोबांना रात्रभर ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी सगळाच घेतला. भाल्याला गाडीत घ्यायला कंडक्टर तयार झाला नाही, तेवढा राहिला. त्याची भरपाई म्हणून आतोबांनी गोठ्यात जाऊन बैलांच्या गळ्यातल्या दोन घुंगरमाळा काढल्या. आवाजानं अस्वल जातं हे बिरूचं म्हणणं इतकी वर्षं त्यांनी उडवून लावलं होतं. आता एक माळ त्यांनी कमरेला बांधली आणि एक गळ्यात घातली. पाटणहून डोंगर चढताना डोक्यावर डबा, पायांना पट्ट्या, पाठीवर भाता, खांद्यावर बंदूक आणि पावलागणिक घुंगरं, अशा थाटात ते चालले होते. वाडीतली म्हातारी माणसं हात जोडून बाहेर आली. त्यांना वाटलं कुणाची तरी पालखी आली.

नाचणीच्या मध्यावर चार खांबांवर बांधलेला माळा होता. तिन्हीसांजेला आतोबा त्यावर चढले. बिरू खालून हळूच म्हणाला, “सुभेदार, आता घुंगरं काढा. डुकराचं कान लय तिखट असत्यात.”

“काढली आन् अस्वल आलं तर?”

“मग ठेवा. पर डुक्कर न्हाई यायचं.”

“दोन्हीची सोय हुईल असं सांग की लेका!”

तशी सोय नव्हती. आतोबांनी घुंगरं ठेवली. शिवाय अंधार पडल्यावर त्यांना वाटलं की नुसत्या घुंगरांचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी बोलायला सुरुवात केली. आत्या आणि मी पन्नास पावलांवर बिरूच्या खोपटात होतो. सरकारी कांबळ्यांचा सगळा इतिहास त्या रात्री डोंगरानं ऐकला. कुठल्या साली किती आली, कुठल्या साहेबानं सही केली, कुठल्या गठ्ठ्याला कसर लागली. पहाटे माझा डोळा लागला तेव्हाही ते बोलतच होते. सकाळी बिरूनं बांध फिरून पाहिला. एक कणीस मोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बिरू हळूहळू हसायला लागला, आणि आतोबांचं तोंड उतरत चाललं. तीन रात्रींत एक बार काढायला मिळाला नव्हता.

तिसऱ्या सकाळीच त्यांनी सामान बांधायला घेतलं. “हितं शिकार न्हाई. डुकरं म्हनं! एक दिसंना. उगंच मानसाला डोंगर चढाया लावला.”

बिरू पुढं आला. त्यानं हात जोडले. “सुभेदार, बंदूक राहू द्या. गोळी बी नगं. तुमी नुसतं माळ्यावर बसा आन् बोला. कापणीपातुर.”

आतोबा त्याच्याकडे बघत राहिले. “म्हंजे? मी बुजगावनं व्हय रं?”

एवढी वर्षं गिळलेलं सगळं बोलायला आत्याला याहून चांगली संधी मिळणार नव्हती, पण तिनं ती घेतली नाही. आतोबांनी डबा काढला. कपाळावर त्याच्या काठाचा लाल वळ उठला होता, केस घामानं चिकटले होते. जन्मभर कांबळी मोजलेला, पन्नाशी उलटलेला एक माणूस डब्यातून बाहेर आला होता, आणि आपण कोण आहोत हे सर्वांसमोर ऐकल्यावर ते कसं झेलावं हे त्याला कळत नव्हतं. मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा ते नाचणीकडे बघत होते. वाऱ्यानं सगळं रान एका अंगावर कललं होतं.

“किती दीस?” त्यांनी विचारलं.

“पंधरा. लय तर अठरा.”

“च्या गोड पायजे,” आतोबा म्हणाले आणि सामानाची गाठ सोडायला बसले.

आम्ही दोघी त्याच दिवशी खाली उतरलो. माझं कॉलेज उघडायचं होतं. दोन वळणं उतरलो तरी वरून त्यांचा आवाज येत होता. भर दुपारी, ना डुक्कर ना अस्वल, पण त्यांनी सराव सुरू केला होता. आत्या थांबली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, “घरात बोलत्यात तवा वाटतं, कवा थांबत्यात.” मग मागं बघत बघत उतरायला लागली.

कापणी झाल्यावर आतोबा बिरूबरोबरच परत आले. बिरूच्या डोक्यावर नाचणीचं पोतं होतं. मी दिवाळीसाठी आले होते. पारावर माणसं जमली आणि कुणी तरी मुद्दामच विचारलं, “काय बिरू, सुभेदारानं किती डुकरं पाडली?” बिरू खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं पोतं खाली ठेवलं, पाठ सरळ केली आणि म्हणाला, “दोन.” लोक हसले. मग सगळे माझ्याकडे वळले, कारण मीही डोंगरावर जाऊन आले होते आणि मिशनच्या शाळेतली मुलगी खोटं बोलणार नाही अशी गावाची समजूत होती. माझे कान तापले. “हो,” मी म्हणाले, “दोन.” आतोबा चपला काढत होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं, “तीन.”

पुढं ते दर नवरात्रात वर जात राहिले. त्यांना अस्वल कधीच दिसलं नाही. गेल्या पावसाळ्यात छातीच्या दुखण्यानं ते गेले. परवा बिरू आत्याला भेटायला आला होता. मुंबईला तो गेला नाही, डोंगरावरच आहे. मी विचारलं, “नाचणी कशी आहे?” मला कुणाला काही आपणहून विचारायची सवय नाही, त्यामुळे तो जरा दचकला.

“ऱ्हाईल निम्मी,” तो म्हणाला. “आता मीच बसतो माळ्यावर. बोलतो बी. पर मला काय येतंय वो बोलाया? म्हशी झाल्या, पोरं झाली, पाऊस झाला की संपतंय. मग गप बसतो, आन् डुकरं येत्यात.” उठता उठता आपल्याशीच म्हणाला, “सुभेदाराचं कधी संपलंच न्हाई.”