इस्माईलभाईंची जनावरं

वर्गात वह्या तपासत होते, तेव्हा शिपायानं दारातून सांगितलं, "बाई, तुमच्या शेजारचे इस्माईलभाई गेले." त्याला आता महिना होत आला.

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत पहिला टीव्ही त्यांच्याकडं आला. रविवारी रानटी प्राण्यांची इंग्रजी मालिका लागायची. शिरोलीच्या फौंड्रीत साचे करणारा हा माणूस मग सेटशेजारी उभा राहून खोलीभर बसलेल्यांना सगळं मराठीतून सांगायचा. "ही सिंहीण राबतीया बघा. नवरा निवांत पडलाय. आमच्या फौंड्रीत असलाच एक सुपरवायझर हाय!" निवेदक भलतंच काहीतरी सांगत असायचा. मी इंग्रजी शिकवते, पण हसू दाबून ऐकत बसायचे. खरं सांगायचं तर मला इस्माईलभाईंचंच जास्त आवडायचं.

एकदा हत्तींचा कळप मेलेल्या हत्तिणीभोवती थांबला. "तीन दिवस हलणार न्हाईत," इस्माईलभाई म्हणाले. "घरचं माणूस गेलंय." वरच्या मजल्यावरचा, पुण्याहून आलेला नवा भाडेकरू फिस्सकन हसला. "काका, तो असं काहीच म्हणत नाहीये. इंग्रजी येतं का तुम्हाला?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, इस्माईलभाईंनीही. त्यांची अब्रू माझ्या एका शब्दावर होती. जन्मभर मुलांच्या चुका काढणारी मी... म्हणाले, "बरोबर सांगतायत ते."

दुसऱ्या दिवशी ते दारात उभे. "माझ्यापायी खोटं बोलला की वो बाई. मला कुठलं इंग्रजी येतंय? पण नुसतं बघून लोकांस्नी कळत न्हाय, उठून जात्यात." मग हळूच म्हणाले, "लईच चुकलं तर खुणवत जावा." मी कधीच खुणावलं नाही.

गेल्या रविवारी त्यांच्या सुनेनं, शबानानं, महिन्यात पहिल्यांदा टीव्ही लावला. भाभी, म्हणजे इस्माईलभाईंची बायको, इद्दतीत; नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषांसमोर यायचं नसतं, म्हणून आतल्या खोलीत. गल्ली नेहमीसारखी जमली, पण सेटशेजारी कुणी जाईना. "बाई, तुम्हीच सांगा की आता," शबाना म्हणाली. मी उठले. पडद्यावर जिराफ पाय फाकवून पाणी पीत होता. मी अचूक भाषांतर सुरू केलं. दोन वाक्यांत लोक चुळबुळायला लागले, एक जण चपला शोधायला लागला. मी निवेदकाकडं कान देणं सोडून दिलं.

"ह्याचं गुडघं दुखत्यात," मी म्हणाले, "पण घरात सांगत न्हाय."

खोली हसली. आणि आतून, दाराच्या पडद्यामागून, भाभींचं हसू ऐकू आलं.