ऐका गं, फेकू नका

मोबाईल तोंडासमोर आडवा धरायचा, एकदा खाकरायचं आणि सुरू करायचं, "ऐका गं बायांनो, फेकू नका." मग काय काय फेकायचं नाही ते सांगायचं. हे सगळं माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून, कारण मावशीच्या घरात रेंज नव्हती आणि माझ्या नशिबात शांतता.

शिरूर कासारला माझं किराणा दुकान आहे. हंगाम लागला की आमची निम्मी गल्ली ऊसतोडीला जाते. त्यातल्या एका टोळीच्या मुकादमानं मोबाईलवर ग्रुप काढला होता. गाडी कधी निघणार आणि उद्या कोणत्या फडात जायचं, एवढंच त्यावर येईल असा बिचाऱ्याचा समज होता. टोळीचा बाजार माझ्या दुकानातून भरला जातो म्हणून त्यात मी. आणि उभा जन्म त्याच टोळीत ऊस तोडला म्हणून त्यात ही मावशी. गुडघे गेल्यापासून ती गावातच असायची, पण तिला ग्रुपमधून काढण्याइतका मुकादम शूर नव्हता.

तर या ग्रुपवर मावशीचं रोज संध्याकाळी ज्ञानदान चालायचं. साबणाची वडी दोऱ्यानं कापून अर्धी वाळत ठेवा, वाळलेली कमी झिजते. दातांच्या पेस्टची नळी चपटी झाली की कात्रीनं उभी चिरा, अजून सगळ्या घराचे दात घासून होतात. भांड्यांची पावडर तर घेऊच नका, फडावरच्या खोपटात, आपल्या कोपीत, चुलीची राख फुकट आहे. हा शेवटचा सल्ला ती माझ्या दुकानात टांगलेल्या पावडरच्या पुड्यांकडे बघत द्यायची. पायरी माझी, सावली माझी आणि गिऱ्हाईक पळवण्याचा धंदा तिचा. माझ्याइतका उदार व्यापारी तुम्ही पाहिला नसेल.

"मावशी, दुकान बंद पाडता का माजं?" मी विचारायचो.

"तुजं दुकान बंद पडल्यावर मी बसू कुटं?" ती म्हणायची. म्हणजे माझी काळजी होतीच तिला.

सगळे सल्ले लागू पडायचे असंही नाही. चहाचा चोथा वाळवून पुन्हा वापरा, असं तिनं एकदा सांगितलं. ते पाणी प्यायल्यापासून मुकादम चहाला शेजारच्या टोळीत जायला लागला म्हणे. पण शंका काढायची सोय नव्हती. कुणी चुकून काढलीच तर मावशीचं उत्तर ठरलेलं, "तू किती हंगाम केलं गं?" विषय संपला.

सल्ला देऊन थोडा वेळ गेला की ती मोबाईल माझ्या हातात द्यायची. "आता वाच बग. कुणी कुणी ऐकलं?" आवाजाचा मेसेज दाबून धरला की ऐकणाऱ्यांची नावं दिसतात, हा शोध तिला कुणी लावून दिला देव जाणे. तिला वाचता येत नव्हतं. तराजू सोडून मी नावं वाचायचो. मला वाटायचं, बाईला पुढारीपणाची हौस आहे. आमच्या बीड जिल्ह्यात ती कुणाला नसते? पण एक नाव आलं की ती म्हणायची, "बास," आणि पदर झटकून उठायची. पुढच्या नावांशी तिला काही कर्तव्य नव्हतं.

ते नाव तिच्या धाकट्या जावेचं होतं. ती अजून टोळीबरोबर तोडीला जायची. दोघींनी आयुष्यभर शेजारी शेजारी कोप्या घातल्या, एका चुलीवर भाकरी थापल्या. मावशीचा नवरा गेल्यावर तिच्या डोक्यावर उसाची मोळी चढवायला हीच जाऊ यायची. आणि आता दोघींचं बोलणं बंद होतं.

त्याचं असं झालं. जावेच्या मुलीच्या लग्नात कोठीची किल्ली मावशीकडे दिली होती. विश्वास अगदी योग्य जागी ठेवला होता, उंदरालाही तिथून दाणा मिळाला नसता. आचाऱ्यानं साखर मागितली की ती निम्मी द्यायची. तेल मागितलं की आधी कढई दाखव म्हणायची. शेवटी वऱ्हाडाची पंगत बसली आणि बुंदी संपली. नवरदेवाचा चुलता ताटावरून उठला, जाऊ त्याच्या पाया पडायला लागली, आणि नेमकी त्या मुहूर्तावर आमची मावशी भर मांडवात म्हणाली, "साखरंचं आख्खं पोतं वाचवलंय मी." शाबासकी मिळेल असं तिला खरंच वाटलं होतं. त्या दिवसापासून जाऊ तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

"फोन करून बोला की सरळ," मी एकदा म्हणालो.

"उचलत न्हाई ती. पर माजं ऐकती बग रोज. ऐकती तवर नातं हाय म्हनायचं." मला तिची फार कीव आली.

मग एका थंडीत मावशीनं गुळाच्या चहाचा सल्ला दिला. साखर कशाला आणता, उसाच्या मुलखात आहात, गूळ टाका. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर जावेचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. कुणाचंही नाव न घेता ती म्हणत होती, "उकळत्या च्यात गूळ न्हाई टाकायचा म्हनावं. खाली उतरून टाकायचा. आमचं समदं दूध नासलं."

आता किती हंगाम केले ते विचारलं जाणार, म्हणून मी तयारीत बसलो. मावशी म्हणाली, "पुन्यांदा लाव." मी लावलं. पुन्हा लावलं.

"दूध नासलं, म्हंजी केलता की तिनं. माजं ऐकून केलता," ती म्हणाली आणि रडायला लागली. नासलेल्या दुधावर एवढं खूश झालेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला स्वतःलाही भरून आलं होतं, पण गिऱ्हाईक उभं होतं.

तिनं मोबाईल तोंडासमोर धरला. मग म्हणाली, "गुळाचं माजं चुकलं. अन् लग्नात बुंदीचं बी माजंच चुकलं. भर मांडवात चुकले, म्हनून समद्या टोळीम्होरं सांगते."

तो तिचा ग्रुपवरचा शेवटचा मेसेज. नंतर दोन-तीन दिवस पायरी रिकामी दिसली, तेव्हा मी तिच्या घराकडे गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, मावशी फडावर गेली, मुकादमाच्या गाडीत बसून, गुडघ्यांना फडकी बांधून. जावेचा फोन आला होता.

"काय म्हनली जाऊ?" मी विचारलं.

"म्हनली, आक्का, लांबून कशापायी शिकविता? हितं येऊन करा की च्या."