दादाचं पाणी

बोलू का? आजवर घरात नाही, देवळात नाही, आईपाशीसुद्धा हे माझ्या तोंडून निघालं नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून कदाचित निघेल. माझी जीभ तशी तिखट — गावात माझ्याशी भांडायला कोणी धजत नाही — पण या एका गोष्टीपाशी ती कायम टाळूला चिकटली.

नारायण माझा थोरला भाऊ. आमचा दादा. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरावर राबणारी आमची माणसं. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. खाडीत लागलेल्या मचव्यावर, मालाच्या होडीवर, मिठाच्या टोपल्या चढवताना दादाचा फळीवरून पाय सरकला आणि तो पाठीवर आदळला. कणा मोडला. कमरेखालचं काही कळेना, लघवी झालेलीही कळेना. मुंबईच्या इस्पितळातून घरी आणला तो लघवीसाठी रबराची नळी घालूनच.

नळी उकळायची, बदलायची, पनवेलच्या डॉक्टरांकडे जाऊन विचारून यायचं — हे सगळं यमुनावहिनी करायची. दिवसा ती दादाच्या जागी मिठागरावर जायची आणि दादाजवळ मी. मी कोण? नवऱ्याने दुसरी आणली म्हणून माहेरी परतलेली. विश्वासघात काय असतो ते मला चांगलं ठाऊक होतं. अजाण नव्हते मी.

डॉक्टरांकडून वहिनी एकच गोष्ट घोकत आली होती. पाणी भरपूर पाजा. पाणी कमी पडलं की लघवी साचते, नासते, ताप भरतो. असे रोगी मोडलेल्या कण्याने जात नाहीत, त्या तापाने जातात. तिने मला हे पुन्हा पुन्हा समजावलं. मी ऐकलं — हो, नीट ऐकलं.

पण नळीच्या कडेने गळायचं, गोधडी भिजायची. मिठागराच्या गावातलं धुणं तुम्हाला माहीत आहे का? खाऱ्या पाण्यातलं कापड कितीही उन्हात घाला, ओलसरच राहतं. तसल्या गोधडीवर दादाच्या पाठीच्या जखमा चिघळायच्या. म्हणजे प्रत्येक गोधडीला गोडं पाणी हवं, आणि गोड्या पाण्याची विहीर बांधापलीकडे. हंडे मीच वाहायचे. तो जितका प्यायचा तितक्या माझ्या खेपा. मग मी... कसं सांगू? मी त्याचं पाणी तोडलं.

मागायचा तेव्हा म्हणायचे, डॉक्टरांनी कमी प्यायला सांगितलंय. तो लगेच गप्प व्हायचा. बहिणीचा शब्द ना! सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवायचा आणि उलट मलाच म्हणायचा, दमलीस, बस जरा. रात्री वहिनी विचारायची, तर दिवसभर भरपूर प्यायला असं तिला सांगायचे. गोधड्या कोरड्या राहू लागल्या आणि मला बरं वाटलं. नळीत गाळ दिसू लागला, घाण वास येऊ लागला — तरीही मी हात आखडताच ठेवला.

मग हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टर घरी आले, नळी पाहून भडकले. पाणी कोणी बंद केलं? दादा म्हणाला, तुम्हीच ना सांगितलंत? सगळे माझ्याकडे वळले. आणि मी — जराही न अडखळता — वहिनीकडे बोट केलं. निरोप तिने आणला, मी फक्त पाळला.

डॉक्टरांकडे तीच जात होती. आम्हा दोघींत काय बोलणं झालं त्याला साक्ष कोण? आई म्हणाली, परक्याची पोर ती परक्याचीच. वहिनी रडत शपथा घेत राहिली. दादा तिच्याकडे बघत होता. तसं बघणं मी त्याच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं.

"यमुने, मी मेलो तर सुटशील, म्हनून पानी तोडलंस? सांगायचंस. मीच मोकली केली असती तुला."

त्यानंतर त्याने तिच्या हातचा थेंब घेतला नाही. सुया टोचल्या, ताप उतरला, पुन्हा चढला. ती तांब्या घेऊन उशाशी बसायची, तो तोंड भिंतीकडे फिरवायचा. मग मी जायचे आणि माझ्या हातून तो घटाघटा प्यायचा. आता मी भरपूर पाजत होते! गाव म्हणायचं, बहीण असावी तर अशी. झाकली मूठ सव्वा लाखाची — मी ती घट्ट आवळून धरली. एका वाक्याचं काम होतं. भीती कसली होती मला? नवऱ्याने टाकलेलीला भाऊही टाकेल, ही? असेल. पण त्याने माझं पाप तसूभरही कमी होत नाही.

शेवटी मूत्रपिंडं निकामी झाली, तोंड सुजलं. तो जायच्या दिवशी वहिनी त्याच्या पायथ्याशी बसून पाय चेपत होती. तिथला हात त्याला कळत नव्हता, म्हणून त्याने तिला हाकललं नाही. मी उशाशी होते, त्याच्या नजरेसमोर.

दिवसकार्य उरकल्यावर ती ओवे गावाला माहेरी निघाली. आम्ही कोणी थांबवलं नाही. उंबऱ्याबाहेर तिने मला गाठलं.

"हिराबाय, माजं जाऊ दे. पन त्यांना तरी सांगायचं व्हतंस. मनात अढी धरून गेले."

मी आत वळले. बायकोने आपल्याला मारलं असं समजूनच दादा गेला. मारलं मी होतं.