आईच्या नावाचं बनियन

मी जात्याच घाबरट. शाळेत चाळीस पोरं माझ्या आवाजाला दचकतात, पण फोन वाजला की मीच दचकते. आईचं हृदयाचं दुखणं निघालं तेव्हापासूनचं हे. तिचे ठोके मध्येच सुसाट सुटायचे, वेडेवाकडे पडायचे आणि ती उभ्याउभ्या घामाघूम व्हायची. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, वाकून कष्टाचं काम बंद. मी गोंदियात नोकरीला, आई तिथून जवळच, नागऱ्याच्या पुढे आमच्या गावी. बाबा गेल्यापासून त्या घरात आई आणि काकी, दोघी जावाच राहत. माझ्याकडे चल म्हटलं की आई म्हणायची, "धान कोण पाह्यल? तू?"

मग त्याच दवाखान्यातून ते बनियन मिळालं. मोजक्या रोग्यांना देऊन बघत होते, चालतं का म्हणून. दिसायला साधं, बिनबाह्यांचं, अंगाला घट्ट बसणारं. पण आतून छातीपाशी राखाडी पट्ट्या विणलेल्या आणि काखेखाली काडेपेटीएवढी एक डबी. पट्ट्या ठोके मोजायच्या, डबी ते बिनतारी जवळच्या मोबाइलला सांगायची आणि मोबाइल पुढे नागपूरला आणि मला. माझ्या फोनवर वर लिहिलेलं 'आई', खाली नाडीचा आकडा, बाजूला ठिपका. हिरवा, पिवळा, नाहीतर लाल. आणि एक इवलंसं चित्र, माणूस उभा आहे, बसला आहे की आडवा पडला आहे ते दाखवणारं.

माझ्यासारखीच्या हातात असलं काही द्यावं का हो? फळ्यावर लिहितालिहिता मी फोन बघू लागले. जेवताना बघू लागले. हिरवा दिसला तरच घास उतरायचा.

आषाढातली गोष्ट. मधली सुट्टी संपत आली होती. बघते तर ठिपका लाल, नाडी एकशे तीस आणि चित्रातला माणूस आडवा. फोन लावला, आई उचलेना. शाळा तशीच टाकून मी स्कूटी काढली. रस्ताभर डोक्यात एवढंच, आई पडली, आई पडली. घरी पोचले तर काकी ओसरीवर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेली. काकीचं आयुष्यच त्या सुपात गेलेलं. मान वर न करता म्हणाली, "तुही माय कुठं घरी हाय? बांधीत हाय."

बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, दहा बाया ओळीनं चिखलात वाकून रोपं, आमच्याकडचे परे, रोवून राहिल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध माझी आई. फोन कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत, पाठ जमिनीशी समांतर. त्या डबीला वाटलं, बाई आडवी पडली. रोवणा म्हणजे काय हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

"काऊन आली वं धावत?" आई म्हणाली.

"तू पडली म्हणून!"

"मी कायले पडू? रोवून राहिली."

बाया खदाखदा हसल्या. एक म्हणाली, "मास्तरीणबाई, आमालेबी एकेक बनियन आणा ना, कोणी तं धावत येईल आमच्यासाठी." मला हसू आलं नाही. खाचराच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून सगळ्यांदेखत मी आईवर ओरडले. रडलेही. तू मरशील आणि मला ते फोनवर कळेल, असंही बोलून बसले. आई चिखलाचे हात तसेच अधांतरी धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं बापा. नाही रोवत. जाय आता शाळेत."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून चित्रातला माणूस बसलेला. सकाळी बसलेला, दुपारी घटकाभर आडवा, पुन्हा बसलेला. नाडी शांत, पन्नास-बावन. स्टाफरूममध्ये मी तो फोन कौतुकानं फिरवला, बघा म्हटलं, माझी आई कशी शहाण्यासारखी राहते. अधूनमधून ठिपका पिवळा व्हायचा. मग आकडा न बघताच संध्याकाळी फोन करून मी तिला झापायची, "पुन्हा गेली होतीस ना?" ती म्हणायची, "नाही वं माय, घरीच तं आहो." नागपूरहून निरोप आला, नाडी जरा जास्तच मंद दिसते, ठोके आवरायची जी गोळी आहे ती अर्धी करा. मी आईला सांगितलं. तिनं केली.

रोवणा संपत आला होता. एका दुपारी शिकवताना फोन थरथरला. पिवळा. बघताबघता लाल. नाडी अडतीस, मग पस्तीस. तेवढ्यात नागपूरहून फोन, "मॅडम, पेशंट को तुरंत दवाखाने ले जाइए, रुकिए मत." गावातल्या जीपवाल्याला घरी थांबायला सांगून मी निघाले. छाती अशी धडधडत होती की माझ्याच अंगात ते बनियन असतं तर नागपूर हादरलं असतं.

गावाच्या अलीकडेच आमची बांधी लागते. तिथं धुऱ्यावर आई उभी. हातात पऱ्यांची पेंडी, कासोटा खोचलेला, चांगली धडधाकट. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच रडत हसू लागले. मग फोन बघितला. बत्तीस. चित्रातला माणूस बसलेला.

"आई, बनियन कुठं आहे?"

तिच्या हातातली पेंडी खाली पडली.

"काकीच्या अंगात हाय," ती म्हणाली. "ते बसूनच राह्यते ना दिवसभर. म्हटलं, तुह्या जिवाले चैन पडंल."

मी आईला मागे बसवलं आणि घर गाठलं. काकी ओसरीवर भिंतीला टेकलेली. सूप मांडीवर, तंबाखू लुगड्यावर सांडलेली, ओठ काळेनिळे. "काही नाही वं, गॅस झाला," म्हणाली. कधीपासून, विचारलं. म्हणे दहा-बारा दिवसांपासून चक्कर येते, डोळ्यापुढं अंधारी येते. "अगं, मग सांगायचं नाही का? यंत्र ओरडत होतं ना!" माझा पुन्हा आवाज चढला.

काकी म्हणाली, "ते तं तुह्या मायचं यंत्र. त्यात माहं कायले दिसंल?"

काकीला उभ्या जन्मात कोणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं. तिच्या हृदयाकडे कोणी पाहिलं ते पहिल्यांदाच, तेही आईच्या नावानं. प्रत्येक पिवळा ठिपका काकीच्या हृदयाची हाक होती, आणि मी झापत होते आईला.

जीपमध्ये तिला मध्ये घेतलं. बनियन अंगातच, तिच्याजवळ ठेवलेला आईचा मोबाइल माझ्या पर्समध्ये. काकीचं डोकं आईच्या खांद्यावर, आईचे पाय चिखलानं भरलेले. आई रडतरडत म्हणाली, "माहीबी छाती उडून राहिली आठ दिवसांपासून. कोण्या तोंडानं सांगू?" तेव्हा मला ती अर्धी गोळी आठवली. काकीची नाडी बघून मी आईची गोळी कमी केली होती. एक हात काकीच्या मनगटावर ठेवला, दुसरा आईच्या, आणि मांडीवरच्या फोनकडे बघत बसले.

गोंदियाच्या तोंडाशी रेल्वे फाटक बंद. मालगाडी संपता संपेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, उगाचच. अठ्ठावीस. चोवीस. मग आकडा गेला, फोन लांब थरथरला आणि पडद्यावर आलं: आई. नाडी मिळत नाही.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. काकीचं मनगट माझ्या मुठीत होतं, आणि तरी सगळ्यात आधी मी मान वळवून आईकडे बघितलं. ती श्वास घेत होती. मला हायसं वाटलं.

"काय म्हणून राहिलं वं ते?" आईनं विचारलं. तिला वाचता येत नाही. काकीचं डोकं सरकू नये म्हणून ती खांदा जपून धरून बसली होती.

मी फोन मांडीवर पालथा घातला.