झेंडूचा हार, पाच रुपये

आयुधपूजेचा दिवस, नव्वदीतलं बंगळूर, जयनगरातलं आमचं दहा-बारा माणसांचं ऑफिस... आणि माझ्या हातून झालेला एक भलामोठा घोटाळा. इतकी वर्षं फक्त जवळच्या मित्रांना सांगत आलोय. आज इथे लिहूनच टाकतो!

मी पुण्याहून नोकरीसाठी नुकताच आलो होतो. कामातून वेळ काढून मी एक गेम बनवला होता... ऑटोरिक्षांची शर्यत. कीबोर्डच्या डाव्या बटणांवर एकाने खेळायचं, बाणांच्या बटणांवर दुसऱ्याने. जेवणाच्या सुट्टीत त्या एका कॉम्प्युटरभोवती अख्खं ऑफिस गोळा व्हायचं. धमाल यायची!

गेम सगळ्यांना फुकट. फक्त सजावटीला पैसे. ऑटोच्या नाकावर झेंडूचा हार हवा असेल तर पाच रुपये, आणि ते सरळ माझ्या खिशात. मला त्यात काहीही गैर वाटत नव्हतं... एकेक पाकळी ठिपक्या-ठिपक्यांनी काढली होती हो मी! शिवाय सगळ्यांना शब्द दिला होता, की हार घातला म्हणून ऑटो जरासुद्धा पुढे जाणार नाही.

हे पद्मक्कांना मात्र अजिबात पटलं नाही. पद्मक्का आमच्या डेटा एन्ट्रीच्या प्रमुख, कित्येक पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातल्या. टायपिंगचा हात असा, की शर्यतीत त्यांना हरवणं मुश्कील.

"काय रे पुणेकर, जेवायला फुकट बोलावतोस नि लोणच्याचे पैसे मागतोस?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या ऑटोला हार, माझीच भुंडी. बरं दिसतं का ते?"

मग घ्या की हार, मी म्हटलं. "बेडा! मला नको," म्हणाल्या आणि भुंड्या ऑटोनेच सगळ्यांना हरवत सुटल्या.

अशात आयुधपूजा आली. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात ना, तेच... फक्त आमची हत्यारं म्हणजे कॉम्प्युटर. प्रत्येक मॉनिटरला कुंकू, कीबोर्डवर फुलं, दाराला केळीचे खुंट. ही सगळी तयारी दर वर्षी पद्मक्का करायच्या. शेवटी दृष्ट काढायला दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा मान मात्र कायम साहेबांचा.

त्या वर्षी साहेब रंगात होते. म्हणाले, जो शर्यत जिंकेल तो कोहळा फोडेल! सगळे हसले, टाळ्या पिटल्या. पद्मक्का हसल्या नाहीत. फुलं मांडता मांडता मला हळूच म्हणाल्या, "बायकांनी फोडायचा नाही म्हणतात रे. लहानपणापासून मनात आहे माझ्या... एकदा तरी."

फायनलला एकीकडे पद्मक्का आणि दुसरीकडे नागपूरचा प्रशांत, हारवाल्या ऑटोसकट. काय शर्यत झाली म्हणून सांगू! शेवटच्या वळणावर दोघं अगदी बरोबरीत, मागे आमचा आरडाओरडा, साहेब चक्क खुर्चीवर उभे... आणि स्क्रीनवर नाव झळकलं. प्रशांत!

"स्वल्प थांबा," पद्मक्का म्हणाल्या. "माझं चाक पुढं होतं."

कुणी लक्ष दिलं नाही. प्रशांतच्या हातात कोहळा गेलासुद्धा. मी सहज म्हणून स्क्रीनवर थांबलेल्या चित्राकडे पाहिलं.

पद्मक्कांचं चाक खरंच पुढे होतं. पण प्रशांतच्या ऑटोचा हार नाकाच्या चार ठिपके पुढे लोंबत होता, आणि रेषेला तो आधी टेकला होता. ज्या ऑटोचं चित्र आधी रेषेला लागेल ती जिंकली, असं मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं... आणि हार त्या चित्रातच धरला होता! म्हणजे इतके दिवस पाच रुपयांत मी चार ठिपक्यांची आघाडी विकत होतो.

हे फक्त मला कळलं होतं. गप्प बसलो असतो तर कुणालाही पत्ता लागला नसता. पण पद्मक्का निमूटपणे प्रसादाचे चुरमुरे द्रोणात भरत होत्या, ते बघवेना. ओरडूनच सांगितलं, की चूक माझी आहे, पद्मक्का जिंकल्यात.

मग प्रशांतने स्क्रीनला नाक लावून ठिपके मोजले आणि कोहळा टेबलावर ठेवला. "अबे, हारानं जिंकलो का मी? नाही जमत हे. दुरुस्त कर, पुन्हा होऊन जाऊ दे!"

तिथेच बसून दुरुस्ती केली. आता निकाल फक्त पुढच्या चाकावर. शर्यत पुन्हा झाली आणि पद्मक्का जिंकल्या... या वेळी तर चांगल्या चार बोटांच्या अंतराने!

पदर खोचून त्यांनी तो कोहळा दारात असा काही आपटला, की कुंकू साहेबांच्या पँटपर्यंत उडालं. खुशीत सगळ्यात जोरात ओरडले तेही साहेबच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी निघताना पद्मक्का माझ्या टेबलापाशी आल्या. पाच रुपयांची नोट पुढे केली.

"आता तो नुसता हार आहे ना?"

"हो, नुसता हार."

"सरी, ठीक आहे, मग घाल. पाकळ्या छान काढल्यास रे."

आता माझी लेक फोनवर फुकटचा गेम खेळते आणि त्यातल्या नव्या पोशाखासाठी पैसे मागते. मी रागवत नाही, पद्मक्कांचा तोच प्रश्न विचारतो, 'तो नुसता हार आहे ना?'... आणि उत्तर 'हो' असेल, तर कुणीतरी बसून काढलेल्या त्या पाकळ्यांचे पैसे आनंदाने देतो.